दवाखाना बंद करतोय. साडेचार हजार कार्डांचं काय करू?

स्टेथोवाला

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे वाचनमात्र असतो. कुणी 'व्हिटॅमिन डी कमी आलंय' असा धागा काढला तर दोन ओळी टाकून पळतो. आज मलाच सल्ला हवाय.

१९८५ साली डोंबिवली पूर्वेला दवाखाना टाकला. येत्या दिवाळीनंतर तो बंद करतोय. गाळा विकला, तिथे म्हणे मोमोजचं दुकान येणार आहे. तपासायचं कॉट, वजनकाटा, टेबल सगळ्याला गिऱ्हाईक मिळालं. अडलंय ते सुताराकडून करून घेतलेल्या सोळा खणांपाशी. त्यात कार्डं आहेत. साडेचार हजारांच्या आसपास असतील, मोजली नाहीत.

नव्या मंडळींसाठी सांगतो. एका घराला एक कार्ड. वर आडनाव, बिल्डिंग, मजला. खाली घरातली माणसं: आजी, आजोबा, कर्ता, बायको, मुलं, गावाहून शिकायला आलेला पुतण्या. जो येईल त्याची तारीख आणि एक ओळ. कार्ड भरलं की दुसरं टाचायचं. काही घरांची सात-आठ कार्डं एकाला एक टाचलेली आहेत. पिनांना गंज चढलाय आणि गंजाचा डाग तिसऱ्या पिढीपर्यंत उतरलाय.

माझ्या खाणाखुणा वेगळ्या. नावापुढे बारीक गोल म्हणजे घरात दारू. त्रिकोण म्हणजे उधारी, मागायची नाही. दोन रेघा म्हणजे या बाईंशी सासू बाहेर गेल्यावर बोलायचं.

परवा एक कार्ड हाती लागलं. सत्याऐंशी सालचं. गृहस्थ गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी उघडलीच नाही. कार्डावर त्यांच्या नावापुढे महिन्यातून दोनदा 'पोटात जळजळ', आणि शेजारी माझ्या अक्षरात 'काम नाही'. मी त्यांना पांढरं जेल द्यायचो, दूध प्या म्हणायचो, आणि काळजी करू नका असं सांगायचो. बेकार माणसाला काळजी करू नका म्हणणारा तरुण डॉक्टर! पुढे कळलं की असले बरेचसे अल्सर एका जंतूमुळे होतात. ते शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. म्हणजे त्यांना कदाचित दोन आठवड्यांच्या गोळ्या पुरल्या असत्या आणि मी सहा वर्षं संपाला दोष देत बसलो. पण 'काम नाही' हे दोन शब्द लिहिले होते म्हणून त्यांच्या धाकट्याची शाळेची फी कुठून येते हे मी विचारलं होतं. आजच्या कुठल्याही फायलीत ते दोन शब्द मला दिसत नाहीत.

काम कसं बदललं हे लोक विचारतात तेव्हा त्यांना औषधं, यंत्रं असं काहीतरी ऐकायचं असतं. तेही बदललंच. सुरुवातीला मी लघवीतली साखर दवाखान्यातच बघायचो. टेस्ट ट्यूबमध्ये बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, आठ थेंब लघवी टाकायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर सुटलात. हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल. पेशंट समोर बसून रंग बघायचा. लाल झालं की मला काही सांगावं लागायचं नाही, ज्याचं त्याला कळायचं. आता एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.४ असं छापून येतं आणि पेशंट म्हणतो, 'लॅब बदलून बघू का?'

आकडेही हलले. मी शिकलो तेव्हा उपाशीपोटी साखर १४० च्या वर गेली तर मधुमेह. १९९७ साली अमेरिकन मधुमेह संघटनेने ती रेघ १२६ वर आणली, मग सगळ्यांनीच. रक्तदाबाचंही तेच, १६०/९५ वरून १४०/९०. सोमवारी निरोगी असलेली माणसं मंगळवारी पेशंट झाली, आणि त्यांना काहीच होत नव्हतं! यात चूक काही नाही, लवकर पकडलं तर किडन्या वाचतात. पण माझं काम तिथे वळलं. आधी माणूस दुखणं घेऊन यायचा, आता आकडा घेऊन येतो.

मला मात्र सगळ्यात मोठा बदल वेगळाच वाटतो. मी लोकांच्या घरी जायचो, तो आता जात नाही.

एक पोरगा होता, पाच वर्षांचा, सारखा खोकायचा. तीन महिने मी मिक्श्चर देत होतो. आई दर आठवड्याला बाटली घेऊन हजर. जुलैत एका रात्री बाप बोलवायला आला, पोराला दम लागला होता. गुडघाभर पाण्यातून त्यांच्या चाळीत गेलो. दहा बाय बाराची खोली. एका कोपऱ्यात वातीचा स्टोव्ह भकभकतोय, आणि पोराची गादी बरोबर त्याच्या पायथ्याशी, कारण बाकीच्या भिंती ओलीने फुगलेल्या. ती एकच कोरडी जागा. आई बिचारी पोराला कोरडं ठेवायला धडपडत होती. मी इंजेक्शन दिलं, गादी दाराशी घ्यायला लावली आणि स्टोव्ह गॅलरीत. पोरगा पूर्ण बरा झाला असं नाही, त्याला दमाच होता. पुढे 'पंपाची सवय लागते' या भीतीशी दोन वर्षं भांडून त्याला पंप सुरू केला. पण ते तीन महिन्यांचं मिक्श्चर मी त्या खोलीत पाऊल टाकल्यावर पाच मिनिटांत बंद केलं.

व्हिजिटा कशा बंद पडल्या, सांगता येत नाही. रिक्षा वाढल्या, नर्सिंग होम झाली, २०१४ पासून १०८ नंबरची गाडी आली. रात्री छातीत दुखलं तर माझी वाट बघू नका, थेट न्या, हे मीच सांगायला लागलो, आणि ते बरोबरच आहे. माझ्या बॅगेत ईसीजीचं मशीन थोडंच होतं! आता मला घरी बोलावतात ते बहुतेक एकाच कामासाठी. माणूस गेला की सर्टिफिकेटला. ज्या घरात वीस वर्षांत गेलो नाही तिथे जातो, तर भिंती पाडून हॉल मोठा केलेला असतो, आणि मला कळत नाही की आजींची खोली कुठली.

राहता राहिला रिपोर्ट वाचण्याचा धंदा. हल्लीचं माझं निम्मं काम तेच. मोठ्या हॉस्पिटलातून फाईल येते. 'डॉक्टर, तुम्ही बघा आणि सांगा, घालू का स्टेंट?' मी हृदयाचा डॉक्टर नाही. पण त्यांना हृदयाचा डॉक्टर नकोच असतो, तो त्यांना भेटून झालेला असतो. त्यांना हवा असतो ज्याला पैसे मिळणार नाहीत असा माणूस. या कामाची फी काय लावायची हे मला चाळीस वर्षांत ठरवता आलं नाही. सुरुवातीला तपासणी आणि दोन दिवसांचं औषध मिळून आठ रुपये घ्यायचो. आता दोनशे घेतो. फाईल वाचायचे मात्र अजून शून्य.

तर, कार्डं. मुलगा म्हणतो श्रेड कर. बायको म्हणते स्कॅन कर. कायद्याने भरती रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं ठेवायची असतात, आणि माझ्याकडे भरती कधी कुणी नव्हतंच. म्हणजे कायदा मला अडवत नाही. मीच अडलोय.

---

रेघोट्या

काय लिहिलंय डॉक्टर! वाचनखूण साठवली. त्रिकोणाची खूण वाचून गलबललं. कार्डं अजिबात टाकू नका, हा इतिहास आहे. एखाद्या विद्यापीठाला द्या.

---

चौथी_चाळ

माझे वडील कंपाउंडर होते, डोंबिवलीत नाही, परळला. तेव्हा तुमच्या धाग्यावर थोडी आमच्या बाजूची भर.

बाटली पेशंटने घरून आणायची. ती आणली नाही तर वडील ओरडायचे. तीन बरण्या ओळीने, एक गुलाबी, एक पिवळट, एक काळपट. गुलाबी पोटाचं, पिवळट तापाचं, काळपट खोकल्याचं. डॉक्टर आतून नुसते आकडे लिहून पाठवायचे, वडील मापाने ओतायचे आणि वर नळाचं पाणी. मग कागदाची पट्टी. तिला कात्रीने दोन्हीकडून खाचा पाडायच्या आणि खळीने बाटलीला उभी चिकटवायची. एक खाच एक डोस. सुट्टीत मी त्या पट्ट्या कापून द्यायचो. पाच पैशांना शंभर असा भाव वडिलांनी ठरवला होता आणि एकदाही दिले नाहीत.

पट्टी वाकडी कापली गेली तर एखाद्याला सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी डोस जात असणार. कुणी मेलं नाही त्यावरून त्या औषधात काय दम होता ते समजा. :)

वडील गोळ्या खलात कुटून पुड्या बांधायचे. कागदाची घडी अशी घालायचे की झटकली तरी कण सांडायचा नाही. शेवटी शेवटी हात थरथरायचा, तरी पुडी तशीच. ब्लिस्टरच्या पट्ट्या आल्या आणि त्या हातांचं काम संपलं. दवाखान्यात मग रिसेप्शनिस्ट आली. वडिलांना डॉक्टरांनी काढलं नाही, बसवून ठेवलं. नंबर पुकारायला.

---

कडूकिराईत

सगळे गहिवरलेत म्हणून मुद्दाम लिहितो.

आमच्याही लहानपणी 'देवमाणूस' फॅमिली डॉक्टर होते. ताप? सुई. सर्दी? सुई. परीक्षेआधी अशक्तपणा? लाल रंगाची सुई. पुड्यांत काय आहे विचारलं तर 'तुला काय करायचंय, सकाळ-संध्याकाळ घे.' माझ्या आजीची गुडघेदुखी त्यांच्या पुड्यांनी जादूसारखी थांबायची. आजीचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, साखर वाढली, मणके दबले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की पुडीत स्टेरॉइड असणार. चिठ्ठी नाही, नाव नाही, पुरावा नाही.

आज निदान गोळीवर नाव छापलेलं असतं आणि मला ते गूगल करता येतं. डॉक्टरांना याचा राग येतो, येऊ दे. तुम्ही घरात येत होतात हे खरं, पण घराने तुम्हाला प्रश्न विचारायचा नाही हा अलिखित करार होता. तो मोडला हे चांगलंच झालं.

---

स्टेथोवाला

@कडूकिराईत, पुडीत स्टेरॉइड मी घातलं नाही. घालणारे माहीत होते आणि त्यांच्याबद्दल मी गप्प बसलो, हे खरं. त्यांच्याकडे माझ्या दुप्पट गर्दी असायची.

सुईचं माझ्यावरही येतं. काचेच्या सहा सिरिंज आणि डझनभर सुया होत्या. सातच्या सुमारास फास्ट लोकल येऊन गेली की बाक भरायचा, रात्री साडेनऊपर्यंत साठ पेशंट. त्यातल्या निम्म्यांना सुई हवीच असायची, आणि नाही दिली तर ते समोरच्या दवाखान्यात जायचे. आता हिशोब करा, दोन पेशंटांमध्ये सुई किती वेळ उकळत असेल. सुई बोथट झाली की दगडावर घासायचो. १९८६ साली भारतात एड्सचे पहिले रुग्ण सापडले. ती बातमी कळल्यानंतरही डिस्पोजेबल सुया पूर्णपणे वापरायला मला चार वर्षं लागली. पेशंटच्या खिशाचं कारण मी सांगायचो. माझ्या खिशाचंही होतं. त्या चार वर्षांत कावीळ कुणाला आणि कुठून झाली हे मला कधीच कळणार नाही. कार्डावर 'कावीळ' लिहिलेलं सापडतं, तेव्हा मी त्याच्या वरच्या ओळी वाचत नाही.

आणि सांगण्या-लिहिण्याचं म्हणाल, तर ते शहाणपण आम्हाला आपणहून आलं नाही. १३ नोव्हेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली. त्या महिन्यापासून माझ्या कार्डांवर अचानक अक्षर सुधारलेलं आणि ओळी लांबलेल्या दिसतात. 'भरती होण्यास सांगितले, नकार' अशी वाक्यं आधीच्या दहा वर्षांत एकही नाही. भीतीने का होईना, औषधाचं नाव मी मराठीत समजावून सांगायला लागलो.

---

खडूस_पेठ

मोमोज कुठल्या फिलिंगचे? बाकी चालू द्या.

---

सावित्रीकाठ

डॉक्टर, आमच्या महाडकडचं एक सांगतो. चांगलं काय बदललं याची यादी कुणी करत नाही म्हणून.

कोकणात लाल विंचू. भात झोडताना, लाकडं काढताना चावायचा. माझा सख्खा काका १९७९ साली गेला. सकाळी चावला, दिवसभर नुसता घाम, रात्री तोंडाला फेस. मांत्रिक झाला, दवाखाना झाला. तेव्हा डॉक्टरांच्याही हातात फारसं नव्हतं, छातीत पाणी भरून माणूस जायचा.

आमच्याच भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर डॉक्टर होते. रात्र रात्र पेशंटपाशी बसून त्यांनी टिपणं काढली आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी विंचवाच्या विषावर चालते हे दाखवलं. लॅन्सेट या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे २०२२ साली पद्मश्री मिळाली. ही गोळी लहान दवाखान्यात, पोटातून देता येते, मुंबईला न्यायची वाट बघावी लागत नाही. माझ्या मुलाला २००३ साली चावला. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळी दिली, रात्रभर झोपवून ठेवलं, हलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरगं पेज मागत होतं.

तेव्हा जुनं ते सोनं आमच्याकडे तरी म्हणू नका. आणि हो, ते सगळं टिपणांमुळे झालं. कार्डं टाकू नका यासाठी हे माझं मत धरा.

---

घाटावरची

दोन दिवस विचार करून लिहितेय. नाव बदललेला आयडी आहे म्हणून लिहितेय.

माझं लग्न १९९६ ला झालं. सासरच्या फॅमिली डॉक्टरांकडे असंच घराचं कार्ड होतं. लग्नाआधी माझा एक गर्भपात झाला होता. कसा, का, ते राहू दे. नवऱ्याला माहीत होतं, बाकी कुणाला नाही. दिवस जाईनात म्हणून त्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी विचारलं, मी खरं सांगितलं. त्यांनी प्रेमाने ऐकलं आणि कार्डावर लिहिलं. घराच्या कार्डावर.

दीड महिन्याने सासूबाई रक्तदाब तपासायला गेल्या. कार्ड टेबलावर उघडं. सासूबाई शिक्षिका होत्या, उलटं अक्षरही वाचायच्या.

पुढे काय झालं ते लिहीत नाही. तीन वर्षं मी माहेरी होते एवढं पुरे. डॉक्टर वाईट नव्हते हो. नंतर त्यांनी मला फोन करून माफी मागितली. पण त्यांच्या डोक्यात पेशंट 'घर' होतं, मी नव्हते. तुम्हाला घर दिसायचं म्हणता, कबूल. त्या घरातल्या बाईला आपण कुणाला दिसायला नको आहोत हेही कधीतरी लिहायला हवं होतं.

विद्यापीठाला वगैरे देऊ नका. जाळा.

---

रेघोट्या

@घाटावरची, मी घाईने लिहिलं. विद्यापीठाचं वाक्य मागे घेते.

---

स्टेथोवाला

@घाटावरची, ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल दवाखान्यात गेलो आणि एकेक खण काढून बसलो. 'दोन रेघा' ही माझी हुशारी आहे असं मी वर मोठ्या तोऱ्यात लिहिलंय. सासू बाहेर गेल्यावर बोलायचं, आणि बोललेलं मात्र सासूच्याच कार्डावर उतरवायचं. हे विसंगत आहे हे मला चाळीस वर्षांत सुचलं नाही. माझ्या टेबलावर कार्ड कुणी उलटं वाचलं असेल का? मला माहीत नाही. बाक टेबलाला लागून होता.

---

निवृत्त_एमआर

मी ३१ वर्षं औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात उभा होतो. तुमच्याही उभा राहिलो असेन.

आमच्या बाजूने बघितलं तर जीपीचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं, वजन कसं उतरलं ते स्पष्ट दिसतं. १९९० च्या आसपास नवीन अँटिबायोटिक आलं की कंपनी पहिल्यांदा जीपींकडे पाठवायची. तेव्हा टायफॉइड जुन्या क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देईनासा झाला होता, सिप्रोफ्लॉक्सॅसिन नवं होतं, आणि कुठल्या गल्लीत कुणाचा ताप उतरत नाहीये हे जीपीलाच माहीत असायचं. ते मला सांगायचे, मी रिपोर्टात लिहायचो. पुढे यादीत पहिला नंबर स्पेशालिस्टचा लागला. मग हॉस्पिटलच्या खरेदी विभागाचा. जीपी 'वेळ उरला तर' या रकान्यात गेले.

एक गोष्ट मात्र नोंदवतो. पेशंट पुढे पाठवण्याबद्दल कट घेणारे जीपी होते, पाकीट कुणाकडून येतं हेही ठाऊक होतं. न घेणारेही होते, आणि त्यांचे पेशंट त्यांना वेडा म्हणायचे, कारण ते पटकन कुठे पाठवायचेच नाहीत.

---

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये जीपी आहे, मूळ मिरजेचा. कार्डांवरून राहवलं नाही.

इथे प्रत्येक माणसाचा एक तपकिरी लिफाफा असायचा, लॉइड जॉर्ज लिफाफा म्हणतात. १९११ च्या विमा कायद्यापासूनची पद्धत. माणूस गाव बदलायचा, लिफाफा नव्या डॉक्टरकडे जायचा, मेला की सरकारजमा. घराचा नाही, माणसाचा. हल्ली ते सगळे स्कॅन करून संगणकात टाकणं चालू आहे. जुने लिफाफे मी पाहिलेत, त्यात तुमच्या त्रिकोणासारख्या खुणा सापडतात आणि काही वाचायला लाज वाटेल अशा असतात.

पण घाटावरचींचा प्रश्न इथेही सुटलेला नाही. आता पेशंटला आपली नोंद फोनवर दिसते. छान. पण घरात फोन हिसकावून बघणारा नवरा असेल तर? तेव्हा काही नोंदी पेशंटला दिसणार नाहीत अशा लपवाव्या लागतात. दहा मिनिटांच्या भेटीत दुखणं ऐकायचं, सरकारने २००४ पासून लावलेले रकाने भरायचे, आणि शिवाय हे आठवायचं.

व्हिजिटा इथेही आटल्या. मी आठवड्यातून दोन-तीन करतो, जवळजवळ सगळ्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या. फ्रिज उघडून बघतो. रिकामा असेल तर गोळ्या वाढवण्यात अर्थ नसतो.

---

तालुका_प्लेस

एमबीबीएस झालो, दोन वर्षं नीट-पीजी देतोय. या धाग्यावर 'आता फॅमिली डॉक्टर राहिले नाहीत' असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो.

मी जीपी व्हावं असं माझ्या घरात, वर्गात, सासरी होऊ घातलेल्या घरात कुणालाही वाटत नाही. 'नुसता एमबीबीएस' हा शब्दप्रयोग तुम्हीच लोक वापरता. आमच्या गावात जो खरोखर रात्री दार उघडतो तो बीएएमएस आहे, आणि तुम्ही फेसबुकवर त्याला बोगस म्हणता. करोनात मोठ्या हॉस्पिटलात जागा नव्हती तेव्हा घरी ऑक्सिमीटर लावून, सहा मिनिटं चालवून, रोज दोनदा फोन करणारे हेच होते. मे २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनी त्यांना 'माझा डॉक्टर' व्हा म्हणून साद घातली. लाट ओसरली, साद पण ओसरली.

डॉक्टर, तुमचा दवाखाना कुणी तरुण डॉक्टरने का घेतला नाही? विचारलं होतं का कुणाला?

---

स्टेथोवाला

@तालुका_प्लेस, तिघांना विचारलं. पहिल्याने सांगितलं की त्या जागेच्या हप्त्यात दोनशे रुपये फी बसत नाही. गणित बरोबर होतं. दुसरी हुशार मुलगी, सहा महिने बसलीसुद्धा. एका पेशंटच्या नातेवाइकाने टेबलावर हात आपटला, त्यानंतर आली नाही. तिसऱ्याला वरच्या मजल्यावर सलाइनच्या सहा खाटा टाकायच्या होत्या. त्याला मीच नको म्हटलं. मोमोजवाला भला माणूस आहे.

व्हॉट्सॲपचं कुणी विचारलं नाही ते बरं. रात्री अकराला जिभेचा फोटो येतो. पूर्वी जीभ बघायला माणूस समोर लागायचा आणि जीभ बघताना डोळेही दिसायचे. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले, आता ते रीतसर आहे. तरी फोटोत डोळे येत नाहीत.

---

चौथी_चाळ

कार्डांचं काय ठरलं मग? सरकारच्या डिजिटल आरोग्य नोंदीच्या आभा कार्डाला जोडा म्हणणारा कुणी यायच्या आत सांगून टाका.

---

स्टेथोवाला

ठरलं ते असं. दवाखान्याच्या दारावर चिठ्ठी लावली: ज्याला आपली नोंद हवी त्याने दिवाळीपर्यंत यावं. आलेल्या माणसाला घराचं कार्ड द्यायचं नाही. त्याच्या एकट्याच्या ओळी मी कोऱ्या कागदावर उतरवून देणार, ॲलर्जी, ऑपरेशनं, लसी, मोठी दुखणी. बाकी सगळं श्रेड. मशीन भाड्याने मिळतंय. जाळायला आमच्या सोसायटीत बंदी आहे.

चार दिवसांत एकोणीस जण आले. वाटलं होतं झुंबड उडेल. एक जण पुण्याहून आला, त्याला वडिलांचं अक्षर हवं होतं. म्हटलं, अरे, ते माझं अक्षर आहे. तरी बसला. त्याच्या वडिलांच्या ओळी उतरवताना शेजारच्या ओळीत त्याच्या आईच्या नावापुढे दोन रेघा दिसल्या. पुढे काय लिहिलंय हे त्याला उलटं वाचता येऊ नये म्हणून मी कार्डावर पॅड ठेवला. उतरवायला पंधरा मिनिटं लागली.

---

दुपारचा_चहा

डॉक्टर, आम्ही १९९८ पर्यंत स्टेशनजवळ राहायचो, दुसरा मजला, खाली पिठाची गिरणी. आई वर्षभरापूर्वी गेली. तिला कुठल्या तरी इंजेक्शनची रिॲक्शन आली होती आणि तुम्ही रात्रभर आमच्याकडे बसला होतात, एवढंच मला आठवतंय. मलाही तीच ॲलर्जी आहे का, असं इथल्या डॉक्टरांनी विचारलंय. आमचं कार्ड असेल का?

---

स्टेथोवाला

@दुपारचा_चहा, पेनिसिलिन. कार्ड न बघता सांगतो. टेस्ट डोस देऊनही आली होती. गिरणी चालू झाली की तुमच्या भांड्यांच्या फळ्या थरथरायच्या. ॲलर्जी आईची म्हणून तुमची असेलच असं नाही, पण तुमच्या डॉक्टरांना नक्की सांगा. तुमच्या ओळी उतरवून ठेवतो. नाव आणि पत्ता इथे नको, व्यक्तिगत निरोप पाठवा.